कोरड्या कपड्यांचा खलनायक आणि मुगदकर मास्तर

श्री. नरहरराव मुगदकर मास्तरांच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मोठमोठ्या प्राध्यापकांचे आणि वकिलांचे लेख आहेत, असे समजले. त्यांत माझे काय काम, ही काळजी मला पंधरा दिवस लागून राहिली आहे. मी चौथी शिकलेला, हुबळीच्या एका टॉकीजमध्ये जन्मभर मशीन चालवलेला ऑपरेटर. गौरव समितीच्या चिटणिसांना मी दोनदा नकार कळवला. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "अण्णा, मास्तरांची परीक्षणे आम्ही सगळ्यांनी वाचली आहेत. ती वाचून लोक काय करत होते, ते तुम्ही केबिनच्या भोकातून पाहिलंय. तेवढं लिहा." तेवढेच लिहितो. कमीजास्त झाल्यास वाचकांनी सांभाळून घ्यावे.

मास्तरांची व माझी पहिली भेट झाली तेव्हा मी दाराला आतून कडी लावून घेतली होती. मास्तर धारवाडच्या शाळेत शिकवीत आणि आमच्या मराठी साप्ताहिकात दर रविवारी चित्रपटाचे परीक्षण लिहीत. शुक्रवारी नवा चित्रपट लागला की सहाच्या खेळाला ते बसने येत आणि मधल्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर बसत. एका शुक्रवारी मध्यंतरात दारवान धावत वर आला. "अण्णा, पेपरवाले मास्तर वर यायला लागलेत!" पडद्यावर काही धूसर दिसले असणार, उद्या पेपरात नाव येणार, असे वाटून मी कडी लावली. बाहेरून आवाज आला, "अण्णा, भांडायला आलो नाही. एक विचारायचं होतं. मधूनमधून पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक बारीक ठिपका येऊन जातो. तो कशाचा?"

मी दार उघडले. तो ठिपका आमच्यासाठी असतो. तो दिसला की ऑपरेटरने समजायचे की रीळ संपत आले, दुसरे मशीन सुरू करा. इतक्या वर्षांत तो ठिपका कोणा प्रेक्षकाला दिसल्याचे मी ऐकले नव्हते. मास्तरांना मी दोन्ही मशिने दाखवली. त्यांनी हातरुमालाने चष्मा पुसला, पुन्हा पुन्हा पाहिले आणि खाली उतरताना म्हणाले, "आता मला तो ठिपका दिसला की तुमची आठवण येईल." तेव्हापासून आमची ओळख.

मास्तरांच्या लेखणीचा स्वभाव सर्वांना माहीत आहे. वाईटाला ते वाईट म्हणत, पण कोणाचा पाणउतारा करीत नसत. टॉकीजच्या मालकांनी पाठवलेला चहा घेत आणि फुकट पास परत करीत. एकदा एका म्हाताऱ्या पोस्टमनवरचा संथ कन्नड चित्रपट आमच्याकडे लागला होता. गुरुवारी तो उतरवायचे ठरले होते. मास्तरांनी त्यावर मनापासून लिहिले. सोमवारपासून शिक्षकांची कुटुंबे येऊ लागली, मग कमरीपेठेतल्या बायका आल्या, आणि चित्रपट आणखी एक आठवडा राहिला. तेव्हा मालक म्हणाले, "मास्तरांची पेन चालते री!" तीच पेन उडत्या माणसावर चालते का, याची परीक्षा पुढे झाली, आणि ती माझ्या चुकीमुळे झाली.

ते दिवस असे होते की उडणाऱ्या, पूल उचलणाऱ्या, एका ठोशात भिंत पाडणाऱ्या वीरांचे इंग्रजी चित्रपट मुंबईत लागले की वर्षा-दोन वर्षांनी आमच्याकडे येत. असाच एक आला. नायकाच्या अंगावर वीज पडते आणि त्याला शक्ती येते, तो पाठीला लाल शेला बांधून उडतो, एवढीच गोष्ट. शुक्रवारी गोकुळ रोडच्या कारखान्यांतले कामगार हाताला ग्रीस तसेच ठेवून आले. मास्तरही आपल्या खुर्चीवर होते.

रविवारी परीक्षण आले. मास्तरांनी लिहिले होते की, अशा चित्रपटात माणूस उडतो याबद्दल तक्रार नाही, पण उडण्यालाही काही नियम हवा. खलनायक पुलावरून नदीत पडून बुडतो, आणि पाचच मिनिटांनी कोरड्या कपड्यांनी तळघरात उभा राहून हसतो. नायकाला कोंडतो, त्याची शक्ती काढून घेतो. पुढे नायक सुटतो आणि एकदम हारतुरे सुरू होतात, खलनायकाचे काय झाले कोणी विचारत नाही. प्रेक्षकाला एवढे भोळे समजू नये.

सोमवारी सकाळी मालकांनी ते वाचले आणि चित्रपट पाठवणाऱ्या कंपनीला फोन लावला. तिकडून सांगण्यात आले, "साहेब, तो शेवटी पुलावरूनच पडतो आणि मरतो. परत येत नाही." मालकांचा पारा चढला. "मास्तर झोपले होते! झोपेत बघून खोटं लिहिलं! संपादकाला सांगून हे सदरच बंद करतो. माझी जाहिरात हवी असली तर मास्तर नको!" तसा निरोप कचेरीत गेलाही.

मी तेव्हा समोरच उभा होतो. मास्तर थिएटरात झोपत नाहीत, हे माझ्याइतके कोणाला माहीत असणार? मी वर गेलो आणि सहाव्या व सातव्या डब्यातल्या रिळांची टोके उजेडात धरली. तळघराचे रीळ जिथे संपते तिथे बाहेर पाऊस आहे, वीज पडते आणि नायक भिजलेला उडतो. पुलाचे रीळ जिथे सुरू होते तिथे त्याचा शेला ओला आहे. आधी तळघर, मग पूल. आदल्या गावी कोणीतरी दोन डब्यांची झाकणे बदलली होती, आणि मी झाकणावरचा आकडा पाहून रिळे चढवली होती. शुक्रवार, शनिवार, रविवार सगळे खेळ उलटे झाले होते. कोणी शिट्टी मारली नव्हती, कोणी खुर्ची आपटली नव्हती. सगळ्या हुबळीत एकट्या मास्तरांना ते खटकले होते.

सोमवारच्या मॅटिनीला मी क्रम सरळ केला. तेव्हाही कोणाला काही कळले नाही. मी गप्प बसलो असतो तर माझी नोकरी सुरक्षित होती. मास्तरांचे सदर मात्र गेले असते, आणि वर झोपाळू म्हणून नाव झाले असते. त्या दिवशी मला अन्न गेले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसने मी धारवाडच्या वाटेवरच्या नवनगरला मास्तरांच्या घरी गेलो.

"मास्तर, तुमचं परीक्षण चुकलं नाही. मी चुकलो," एवढे म्हणून मी सगळे सांगितले.

मास्तर म्हणाले, "म्हणजे तो बुडाल्यावर परत आलाच नव्हता?"

"नाही."

मास्तर इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "अहो, ऐकलंत का! तो कोरडा कसा ते कळलं!"

त्यांच्या पत्नी सुमतीअक्का स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "बरं झालं बाई! तीन दिवस जेवताना तेच. तो कोरडा कसा, तो कोरडा कसा. ताटातली भाजी कोरडी झाली ती काही दिसली नाही." आणि माझ्यापुढे गिरमिटाची, म्हणजे कांदा-मसाला घातलेल्या चुरमुऱ्यांची, बशी ठेवीत म्हणाल्या, "खा हो अण्णा. चेहरा बघा केवढासा झालाय."

मग मास्तरांनी विचारले, "झाकणं बदलली तरी रिळाच्या सुरुवातीच्या पट्टीवर नंबर असतो ना?"

मी मान खाली घातली. "आकडा असला तर वाचतो. यात इंग्रजी अक्षरांत होता."

इतकी वर्षे ही गोष्ट मी टॉकीजमध्ये कोणाला कळू दिली नव्हती. मास्तरांनी एक कोरा कागद घेतला, एकपासून सोळापर्यंतचे आकडे इंग्रजी अक्षरांत ठळक लिहिले, शेजारी मराठी आकडे लिहिले, आणि मी ते दोनदा वाचून दाखवीपर्यंत शाळेची बस सोडली. "हे कुणाला सांगायचं कारण नाही," ते म्हणाले. आज मी स्वतःच सांगत आहे, आणि सांगताना लाज वाटत नाही.

निघताना ते म्हणाले, "मालकांना मात्र तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर ती तुमच्याविरुद्ध तक्रार होईल."

मी टॉकीजवर आलो आणि मालकांना सांगितले. ते म्हणाले, "तीन दिवस उलटं दाखवलंत? आणि एकानंही तिकिटाचे पैसे परत मागितले नाहीत?"

"नाही मालक."

"म्हणजे मास्तर सोडून सगळ्या गावाला चाललं?"

"हौदरी, चाललं."

"तुमचं नंतर बघू," असे म्हणून ते छत्री घेऊन साप्ताहिकाच्या कचेरीत गेले आणि आपला शब्द परत घेऊन आले. त्या 'नंतर'च्या भीतीने मी पुढे महिनाभर वाळत होतो.

शुक्रवारी मास्तरांनी स्वतः तिकीट काढून तोच चित्रपट पुन्हा पाहिला. रविवारी त्यांनी लिहिले की, मागच्या वेळी दोन रिळे उलटी लागली होती; ते ओळखणे आपले काम होते, ते आपण केले नाही, वाचकांनी क्षमा करावी. झाकणांची अदलाबदल आदल्या गावी झाली, हेही लिहिले. माझे नाव कुठे नव्हते. आणि शेवटी होते, "आता गोष्ट जुळते. चित्रपट मात्र अजूनही सामान्यच आहे."

त्यानंतर जे झाले ते मी भोकातून पाहिले. लोटच्या लोट आले! ज्यांनी उलटा पाहिला होता ते सुलटा पाहायला आले, ज्यांनी सुलटा पाहिला होता ते उलटा चुकल्याबद्दल हळहळत आले. गोकुळ रोडचा एक लेथवाला मध्यंतरात मला ओरडून म्हणाला, "अण्णा, पहिलाच छलो होता री, तोच बरा होता! आम्हाला वाटलं, त्या बदमाशालापण शक्ती ऐती, तो मरतच नाही. आता तो बुडला की संपलंच!" मास्तरांनी सामान्य म्हटलेला चित्रपट पाच आठवडे चालला. सहाव्या सोमवारी मालकांनी मला बोलावले. मी मनातल्या मनात सामान बांधूनच गेलो. ते म्हणाले, "काय अण्णा, पुढच्या चित्रपटाची कोणती रिळं उलटी लावायची?" आणि हसत सुटले. 'नंतर' एवढ्यावरच भागले.

परीक्षणामुळे चित्रपट चालतो की पडतो, असे मला पुष्कळांनी विचारले आहे. माझ्या पाहण्यातले सांगतो. पोस्टमनच्या चित्रपटाला माणसे मास्तरांमुळे आली. उडत्या माणसाच्या चित्रपटाला माणसे उडत्या माणसामुळेच येतात. मास्तरांनी काहीही लिहिले तरी एक खुर्ची रिकामी राहत नाही. मी हे एकदा त्यांना भीत भीत बोललो. ते म्हणाले, "ठाऊक आहे अण्णा. माझे विद्यार्थी परीक्षण वाचून जातात, आणि सोमवारी वर्गात टॉवेल पाठीला बांधून बाकावरून उडी मारतात."

"मग मास्तर, असल्या चित्रपटांवर लिहिता कशाला?"

"मी बघतो म्हणून," ते म्हणाले.

गावावर त्या लिहिण्याचा काय परिणाम झाला ते गाव जाणे. माझ्यावर झालेला परिणाम मला माहीत आहे. तो सोळा ओळींचा कागद मी केबिनच्या भिंतीला डकवला, आणि नोकरी संपेपर्यंत एकही रीळ पट्टी वाचल्याशिवाय चढवले नाही. खाली मधल्या रांगेत एक माणूस नीट बघतो आहे, हे मनात असे. खेळ संपला की मास्तर उठून उभे राहत, मागे वळून केबिनच्या भोकाकडे पाहत आणि उजवा हात वर करीत. म्हणजे सगळे क्रमाने झाले. तो हात दिसेपर्यंत मी मशीन पुसायला घेत नसे.

आता मी घरी असतो. मास्तर अजून शुक्रवारी सहाच्या खेळाला जातात आणि रविवारी लिहितात. मी त्यांच्याहून आठ वर्षांनी मोठा, म्हणून आशीर्वाद देण्याचा अधिकार या ग्रंथातल्या पुष्कळ विद्वानांपेक्षा मला थोडा अधिक आहे. मास्तरांना व सुमतीअक्कांना उत्तम आरोग्य लाभो. त्यांचे डोळे असेच तीक्ष्ण राहोत, गुडघे बसच्या पायऱ्या चढत राहोत, आणि शंभराव्या वर्षीही कोपऱ्यातला ठिपका त्यांना सर्वांच्या आधी दिसो.

जाता जाता संपादक मंडळाला हात जोडून एक विनंती आहे. ग्रंथ बांधताना पाने क्रमाने लागली आहेत ना, ते कोणीतरी एकदा पाहून घ्यावे. बाकी कोणाच्या ध्यानात येणार नाही. पण मास्तर हा ग्रंथ पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतील.