आदी बगून घ्या

कुणाच्याही घरी गेली की ती दाराशीच भिंतीला टेकून बसायची, डावा पाय पुढं करायची आणि म्हणायची, “आदी बगून घ्या. मंग बोलू.”

तुम्हीही बघितलंच असतं. पहिल्या दिवशी मीही बघितलं. तिच्या डाव्या मांडीचं हाड वरच्या बाजूला जन्मापासून नीट तयारच झालं नव्हतं. डावं पाऊल उजव्या गुडघ्याच्या जरा खाली संपायचं; त्याखाली पट्ट्यांनी बांधलेला कृत्रिम पाय. भाजे गावाजवळच्या आरोग्य उपकेंद्रात मी नर्स होते आणि ती घरोघर फिरणारी आशा सेविका, सगळ्यांची ताई. चढावर मला धाप लागायची. ती वर थांबून हसायची, “सिस्टर, तुमचे तर दोनी सारके हायेत की!”

एकदा एका घरात तसाच पाय घेऊन मुलगी जन्मली. सासूचं एकच चाललेलं, सुनेनं ग्रहणात विळी धरली म्हणून. सून भिंतीकडं तोंड करून पडलेली. दोन दिवस तिनं बाळाला जवळ घेतलं नव्हतं.

ताईनं पट्टे सोडले. कृत्रिम पाय बाजूला ठेवला, आखूड पाय उघडा केला.

“मावशी, पोटातच हाड वाढत न्हाई. का, ते डॉक्टरलाबी सांगता येत न्हाई. इळीचा काय दोष?”

सुनेनं मान वळवली. “तुमच्या आईनं पाजलं व्हतं तुमाला?”

“व्हय तर. पयल्या दिसापासनं.”

सुनेनं हात पुढं केले.

परतताना मळवली स्टेशनाजवळ ताई थांबली. “खोटं बोलले, सिस्टर. आईनं मला हातबी लावला न्हाई. माहेरी निघून गेली, उर्शाला. चुलतीनं वाढवलं मला. दर दिवाळीला जाते मी तिच्याकडं. ती पायाकडं बगती आन् आत जाती.”

पुढं तिनं तो विषय काढला नाही. मीही विचारलं नाही. विचारायला हवं होतं, असं आता वाटतं.

गेल्या वर्षी काविळीनं ती गेली. चाळिशीसुद्धा गाठली नाही. अंगणात तिला ठेवलं होतं, कृत्रिम पाय काढून. गर्दीतून एक वाकलेली म्हातारी पुढं आली. चुलती उठली आणि तिला जागा करून दिली, तेव्हा मला कळलं ही कोण.

म्हातारीनं चेहऱ्याकडं पाहिलं नाही. तिनं पायावरची चादर सारली, ते पाऊल मांडीवर घेतलं आणि पदरानं पुसू लागली. तान्ह्या बाळाचं पुसावं तसं, एकेका बोटाच्या बेचकीतून.

माणसं तिरडी उचलायला आली, आणि तशीच उभी राहिली.