बेरिलबाईंचा उजेड

लंडनमधल्या आमच्या जुन्या इमारतीच्या गच्चीवर मालकाला आणखी दोन मजले चढवायचे होते. आम्हाला त्याने लिफ्टचं गाजर दाखवलं होतं. हरकत घेतली ती फक्त सर्वात वरच्या मजल्यावरच्या बेरिलबाईंनी. त्यांच्या स्वयंपाकघराला खिडकी नव्हती, छतातल्या काचेतूनच उजेड यायचा.

इथे कौन्सिल, म्हणजे नगरपालिका, बांधकामावरची प्रत्येक हरकत नाव-पत्त्यासकट सगळ्यांना वाचायला ठेवते. आम्ही वाचली.

"ऐंशी वर्षं बघितलास ना उजेड, म्हातारे? आता पुरे की!" शेजारचा केन जिन्यात त्यांच्या तोंडावर म्हणाला. त्या पिशव्या सावरत वर चढत राहिल्या.

पुढच्याच महिन्यात त्या त्याच जिन्यात कोसळल्या आणि गेल्या.

मंजुरी आली. केनने जिन्यात जमलेल्या आम्हा सगळ्यांना ती मोठ्याने वाचून दाखवली, "उजेड एकाच घराचा जातो आणि ते सध्या रिकामं आहे."

सगळ्या मेल्यांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा.