काटेकोर माणसाचं रक्त

सत्तरी ओलांडेपर्यंत त्याला लाज वाटून घ्यायची सवयच नव्हती. गल्ली त्याला काटेकोर म्हणायची आणि तो ते कौतुक समजायचा. वजनकाटे दुरुस्त करण्यात त्याची चाळीस वर्षं गेली होती. काटा चुकतोय अशी तक्रार घेऊन कोणी आलं की हा काटा उघडायचा, पुसायचा, वजनं ठेवून बघायचा आणि सांगायचा, "काट्यात दोष नाही. तुमच्या हातात आहे." निम्म्या वेळा ते खरं असायचं, निम्म्या वेळा गिऱ्हाईक वाद घालून थकायचं. घरातही तोच खाक्या. दूध उतू गेलं तरी आधी कोणाचा हात ते शोधायचं, कारण मग बघू.

त्याची नात सहा वर्षांची, जिभेला धार म्हणून तिला सगळे मिरची म्हणत. तिला ब्लड कॅन्सर निघाला तेव्हा घरादाराच्या तोंडचं पाणी पळालं. पण हॉस्पिटलातले कडक उपचारांचे महिने तिने निभावले, आजार मागे हटला. आता पुढची दोन वर्षं घरी रोज एक गोळी घ्यायची होती. गोळी त्याची सून, म्हणजे मिरचीची आई, द्यायची. पाचव्या आठवड्यात मिरची तापाने फणफणली आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी पार तळाला गेल्या.

"गोळी जास्त तर गेली नाही ना?" डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांनाच विचारतात तसं विचारलं.

"गेली असणार!" काटेकोर सुनेच्या आईवडिलांसमोर म्हणाला. "हिचं लक्ष असतं कुठे?"

"नाही बाबा, एकच देत होते."

"मग पेशी काय आपोआप पळाल्या?"

मुलगा खाली बघत राहिला. सून पुढे काही बोलली नाही, आणि ते गप्प बसणं काटेकोराने कबुली म्हणून जमेस धरलं.

पेशी सावरल्यावर तीच गोळी पुन्हा सुरू करायला सांगून मिरचीला घरी सोडलं, तेव्हा गोळ्यांची बाटली त्याने आपल्या कपाटात कुलूपबंद केली. नातीला दुकानातल्या काट्यावर उभं केलं, वजन डॉक्टरीणबाईंच्या चिठ्ठीवरच्या आकड्याशी ताडून बघितलं आणि रोज सातच्या ठोक्याला स्वतः गोळी द्यायला लागला. तिसऱ्या आठवड्यात तिच्या तोंडात फोड आले, खाणं सुटलं.

"बाबा, मागच्या वेळीही असंच सुरू झालं होतं," सून म्हणाली. "तिला गोळी झेपत नाहीये. फोन करून विचारते."

"विचारायचंय काय? आता माझा हात आहे."

सुनेने उचललेला फोन खाली ठेवला. चार दिवसांनी मिरची ऑक्सिजनवर होती.

या वेळी त्याला कोणीच काही म्हणालं नाही. एकाने तरी तोंडावर बोलावं असं त्याला वाटत होतं, पण सगळे त्याला चहा विचारत होते.

मग डॉक्टरीणबाईंनी मिरचीची जनुकांची तपासणी करून घेतली आणि सगळ्यांना समोर बसवलं. "हे औषध शरीराने वेळच्या वेळी मोडून टाकायचं असतं. ते काम ज्या जनुकाचं, त्याच्या हिच्याकडच्या दोन्ही प्रती कमजोर आहेत. म्हणून औषध साठतं आणि चांगल्या पेशीही मारतं. शेजारच्या खाटेवरचा मुलगा हिच्याच वजनाचा, त्याला पूर्ण गोळी लागते. हिला साधारण दहावा हिस्सा पुरेल आणि तेवढ्यावरही आजार आटोक्यात राहू शकतो. एक प्रत आईकडून आली, एक वडिलांकडून."

आईकडून! काटेकोराला क्षणभर हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची त्याला पुढे सगळ्यात जास्त लाज वाटली. तेव्हा मात्र तो तावातावाने म्हणाला, "मुलाला ते त्याच्या आईकडून मिळालं असेल. आमच्या रक्तात असलं काही नाही. तपासा माझं!" बायको जाऊन आठ वर्षं झाली होती, उलट उत्तर द्यायला ती नव्हती. तुमच्या तपासणीची गरज नाही, असं डॉक्टरीणबाईंनी दोनदा सांगितलं. हा हटून बसला आणि रक्त देऊन आला.

अहवाल आला. कमजोर प्रत त्याच्याकडेही होती.

सून वॉर्डाबाहेरच्या बेसिनवर मिरचीचा पेला विसळत होती. मिरचीचा ऑक्सिजन सकाळीच काढला होता. काटेकोराने कागद पुढे केला. असे शब्द त्याने सबंध आयुष्यात उच्चारले नव्हते.

"माझ्याकडून आलंय. तुला नको ते बोललो. चुकलं माझं."

तिने कागद वाचला आणि परत दिला. "कोणाकडून आलं त्याचं काय धरायचं, बाबा? ते कोणाच्या हातात होतं?"

त्याला वाटलं, सुटलो. तिने नळ बंद केला.

"पण तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात ना, तेव्हापासून मला खरंच आठवायला लागलं होतं. एकाच दिवशी दुसऱ्यांदा गोळी दिलेली. तिने उघडलेलं तोंड, माझा हात, सगळं दिसायचं. मी धरूनच चालले होते की मीच केलं. म्हणून तर त्या दिवशी फोन खाली ठेवला."