मागच्या डाव्या खिडकीची जागा

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. नव्हता, आणि आजही ठेवायचा नाहीये — का ते पुढे कळेल. मी सॉफ्टवेअर टेस्टर. जो बग पुन्हा घडवून दाखवता येत नाही, तो आम्ही बंद करून टाकतो. हा एक मात्र बंद होत नाही.

आम्ही पुण्याचे, कर्वेनगरचे. मी, आई, बाबा, माझा धाकटा भाऊ समीर, आणि टोनी नावाचा एक गावठी, भयंकर माजोरडा कुत्रा. आयटीत मंदी आली तेव्हा समीरची नोकरी गेली. त्या हिवाळ्यात एका सकाळी तो स्कूटर घेऊन बाहेर पडला तो आलाच नाही. स्कूटर खडकवासल्याला धरणाजवळ सापडली, नीट स्टँडवर लावलेली. पाण्यात शोधाशोध झाली, काही मिळालं नाही. सगळ्यांनी जे समजायचं ते समजून घेतलं. आईने नाही. "जीव द्यायला जाणारा माणूस स्वेटर घालून जातो का?" एवढंच ती विचारायची. खरं सांगू, त्या स्वेटरचा मलाही फार आधार होता.

आता टोनी. गाडीत मागची डावी खिडकी त्याची. तिथे बाबा बसायला गेले तरी गुरगुरायचा. फक्त समीर आला की निमूट उठायचा, खाली उतरायचा आणि त्याच्या बुटावर हनुवटी टेकून झोपायचा. समीर गेल्यावर ती जागा कायमची टोनीचीच झाली.

मावशी दर हिवाळ्यात बार्शीला हुरड्यासाठी बोलावते. पहिल्या वर्षी आम्ही गेलो नाही. दुसऱ्या वर्षी आईनेच विषय काढला... समीरने मावशीला तरी काही कळवलं असेल, अशी तिची वेडी आशा. मी चालवत होतो, शेजारी बाबा, मागे आई आणि टोनी. हडपसरची गर्दी संपली, मांजरी गावाजवळ थांबून चहा घेतला. लख्ख ऊन पडलं होतं, म्हणजे भुताटकीला अगदीच गैरसोयीची वेळ. आणि खडकवासला राहिलं शहराच्या पार दुसऱ्या टोकाला.

चहा घेऊन निघालो आणि थोड्याच वेळात मागे हालचाल जाणवली. टोनी उठला होता. शेपूट हलवत सीटवरून खाली उतरला. मी वेग कमी करून मागे वळून पाहिलं — तो पाय दुमडून बसला होता, हनुवटी टेकवून. कशावर? खाली काहीच नव्हतं. हनुवटी चार बोटं वर, अधांतरी, आणि डोळे मिटलेले...

आईनेही ते पाहिलं. पलीकडे वाकून तिने डाव्या खिडकीची काच सावकाश, पूर्ण वर केली. समीरला गार वारा सोसायचा नाही. आणि मागे घेताना तिचा हात सरळ आला नाही. वळसा घालून आला, मध्ये कुणाचे तरी गुडघे असावेत तसा.

माझ्या तोंडून फक्त "आई..." एवढंच निघालं.

"पुढे बघून चालव," बाबा म्हणाले. ते समोरच बघत होते, पण रडत होते.

बार्शीपर्यंत टोनी तसाच पडून होता. मावशीच्या दारात गाडी थांबली तसा टोनी दचकून उठला, सीटवर चढला, ती जागा हुंगली आणि केविलवाणा रडायला लागला. त्याला उतरवता उतरवता माझा जीव मेटाकुटीला आला.

दुपारी हुरडा झाला. निघताना मावशीने समीरसाठी वेगळी पिशवी भरायला घेतली. बिचारी आईचं मन राखत होती. आई शांतपणे म्हणाली, "राहू दे गं. तो आता खाणार नाही."

त्यानंतर आईने स्वेटरचं नाव काढलं नाही. समीर आलाच तर म्हणून इतके दिवस ती दाराची आतली कडी लावू द्यायची नाही, ती त्या दिवशी घरी आल्यावर तिने स्वतः लावली. आता सोड, असं आम्हीच तिला समजावत होतो. तिने खरंच सोडलं आणि मला घरात बसवेना.

मी नंतर सगळं करून पाहिलं. तोच रस्ता, तोच चहा, तसंच ऊन, टोनी मागे. पठ्ठ्या ढिम्म हलला नाही. आता तर तोही राहिला नाही.

मित्र म्हणतात, कुत्र्याला जुनी सवय आठवली असेल. आईच्या हाताचं काय, म्हटलं की म्हणतात, तुला भास झाला. असेलही. कारण टोनी खरंच कुणासाठी उठला असेल, तर माझा भाऊ त्या पाण्यात आहे. म्हणून विश्वास ठेवायचा नाहीये मला. इतकी वर्षं झाली, मला काही स्पष्टीकरण सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर प्लीज सांगा. अगदी फालतू असलं तरी चालेल.