कोयत्याला पाणी

तुकाबाई लोहारीण चाळीस वर्षं घण मारत आली. नवरा गेणू सांडशीत लोखंड धरायचा, ती घाव घालायची. पण तापलेला कोयता नेमक्या रंगावर पाण्यात बुडवायचा, धारेला पाणी द्यायचं, हे काम गेणूनं कधी तिच्या हाती दिलं नाही. आता भट्टीकडे बघून बघून त्याचे डोळे गेले होते. रंग ओळखू येत नव्हता.

मुळशीच्या डोंगरातलं त्यांचं गाव कोयत्यांसाठी नावाजलेलं. म्हणून पुण्याचा दुकानदार दिग्विजय भट्टी बघायला आला. म्हणाला, "माझ्यासमोर एक करा. आवडला तर कायम तुमच्याकडूनच घेईन."

"पानी मी देते," तुकाबाई म्हणाली.

"लोखंड हाय ते. पिठलं न्हाई, पातळ झालं तर पीठ घालाया," गेणू म्हणाला.

"मंग उठा, तुमीच द्या."

गेणूनं सांडशी तिच्याकडे सरकवली.

तिनं ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा तुकडा तापवला, ठोकला, धार काढली. पाणी द्यायच्या वेळी दिग्विजयनं व्हिडिओसाठी मोबाइलचा दिवा लावला. तिनं रंग बघून कोयता बुडवला आणि वाळक्या बांबूच्या गाठीवर हाणला. धारेचा तांदळाएवढा टवका उडाला.

"एवढंसंच आहे मावशी. घासून टाका, चालेल."

"मला न्हाई चालत."

तिनं कोयता ऐरणीवर आडवा ठेवून घण घातला. दोन तुकडे झाले. तुटलेली कड तिनं त्याच्यापुढं धरली.

"बगा, साखरंवानी दाना दिसतोय. जादा तापलं. तुमच्या उजेडात रंग फिका दिसला, वाटलं अजून तापाया पायजे. मला तवाच दिवा बंद कराया सांगाया पायजे हुतं. चूक माजी."

"मला एक वाजता पौडला पोचायचंय."

"मंग जावा. नवा कराया दोन तास लागत्यात. थांबनार असाल तर भाता वढा."

दिग्विजयनं घड्याळ पाहिलं, बाह्या सारल्या आणि भाता धरला. दुसरा कोयता ठोकून, धार काढून झाल्यावर तिनं दार लोटलं. अंधारात पोलाद पिकल्या करवंदासारखं काळपट लाल झालं, मग उजळत गेलं. ती थांबली. अजून थोडं थांबली. मग बुडवला.

गाठ एका घावात तुटली. धार जशीच्या तशी.

"आठवड्याला किती द्याल?" घामाघूम दिग्विजयनं विचारलं.

"सा. सातवा मागू नगा."

गेणूनं कोयता मागून घेतला. धारेवरून अंगठ्याचं नख आडवं फिरवलं, एकदा, दोनदा. मग म्हणाला, "गावातल्या कोंडाजीचा कोयता पान्यावाचून चार दिस झालं पडलाय. भट्टी गरम हाय तवर त्यालाबी पानी दे."