सांगलीची हळद आणि समोरासमोरचं एक जेवण

आमच्या घरात बायको नवऱ्यासमोर जेवत नाही. आधी पुरुषांची पंगत, मग आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आणि सगळ्यात शेवटी ह्यांच्या उष्ट्या ताटात मी. लग्नाला तीन वर्षं झाली, त्यातली बहुतेक ह्यांची पलटणीत गेली. त्यामुळे माझा नवरा भाकरी कशी मोडतो, हे मी फक्त दाराआडून पाहिलेलं. यंदा हे रजेवर आले आणि मी मनाशी ठरवलं, लढाईवर परत जायच्या आत ह्यांच्यासमोर बसून एक तरी जेवण जेवायचं. घरात ते होणं शक्य नव्हतं, म्हणून सांगली. तुमच्यापैकी कुणाला नवऱ्याला घेऊन असंच सटकायचं असेल, तर माझा अनुभव कामी यावा म्हणून लिहिते.

पहिलं म्हणजे निमित्त पक्कं पाहिजे. आमच्याकडे नणंदेचं लग्न जवळ आलं होतं.

"हळद सांगलीचीच पायजे," मी भाकरी थापता थापता म्हणाले. "कोरेगावची अंगाला बसत न्हाई."

"का गं? माझ्या अंगाला बसली की," आत्याबाई म्हणाल्या.

"तवाची हळद येगळी हुती, आत्याबाई. आता लढाईचा जमाना. लय भेसळ."

माझ्या माहेरी हळदीचं पीक, त्यामुळे हळदीबद्दल मी काहीही ठोकून दिलं तरी खपतं. तेवढ्यात हे खाली मान घालून म्हणाले, "जातो की मी. पर मला त्यातलं काय कळतंय? हिलाच न्यावं लागंल." हे वाक्य मी ह्यांच्याकडून गोठ्यात पाठ करून घेतलं होतं. पलटणीतला माणूस, हुकूम बरोबर पाळला!

रहिमतपूर स्टेशनपर्यंत बैलगाडी आणि तिथून मिरजेची आगगाडी. ती कधी येईल हे कुणाला विचारू नका. हल्ली लढाईचा माल आधी सोडतात आणि माणसं फलाटावर वाळत बसतात. बरोबर दशम्या घ्या, पाण्याचा तांब्या घ्या, आणि एक माझं ऐका, बायकांच्या डब्यात बसू नका. मी बसले आणि फसले. हे पुरुषांच्या डब्यात. प्रत्येक स्टेशनला उतरून माझ्या खिडकीशी यायचे आणि विचारायचे, "बरी हायस नव्हं?" ताकारीला ह्यांनी चण्याची पुडी आणून दिली तेव्हा शेजारच्या म्हातारीला राहवेना.

"कोण गं ह्यो?"

"आमचंच माणूस हाय."

"तुझंच, तर मग एवढी इचारपूस कशापायी करतंय?" म्हातारीनं माझ्यावर असा डोळा ठेवला की चणेसुद्धा मी तोंड फिरवून खाल्ले.

मिरजेहून सांगलीला तांगा केला. तांगेवाला खाकी कपडे बघून भाव वाढवतो, तेव्हा घासाघीस बायकोनं करावी. सांगलीत पोचेपर्यंत दिवे लागले होते आणि पोटात कावळे ओरडत होते. तांगेवाल्यानंच एका खानावळीशी सोडलं. मी हौसेनं पायरी चढले, तोच खानावळीच्या काकूंनी माझा दंड धरला. "बायका आत." झालं! हे बाहेरच्या पंगतीत आणि मी माजघरात. जेवण मात्र काय वर्णावं! कृष्णाकाठच्या वांग्याचं भरीत, पातळ पापुद्र्याची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वर कवडीचं दही. काकू आग्रह करून वाढत होत्या आणि मी भिंतीला कान लावून बसले होते. पलीकडून एक ढेकर आला, तो मी बरोबर ओळखला. तेवढीच काय ती भेट. पुढे धर्मशाळेतही तोच न्याय, पुरुष ह्या ओसरीवर आणि बायका त्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेठेत गेलो. तिथल्या रस्त्यावर नुसतं चाललं तरी धोतराचा काठ पिवळा होतो. मी हळकुंडं मोडून आतला रंग बघितला, वास घेतला, दोन दुकानदारांशी भांडले आणि हळद घेतली. आत्याबाईंना दाखवायला तोंड झालं. आता उरलेला दिवस आमचा! गणपतीचं दर्शन घेऊन येताना एका हॉटेलावर पाटी दिसली, 'फॅमिलीसाठी पडद्याची सोय'. मला इतका आनंद झाला की ह्यांची बाही धरून मी भर रस्त्यात हसायला लागले.

गल्ल्यावर मालक बसले होते. त्यांनी ह्यांना न्याहाळलं, मग मला.

"पडदा नवरा-बायकूसाठी हाय."

"आवं, आमी नवरा-बायकूच हाय," हे म्हणाले.

"समदी आसंच म्हणत्यात. लगीन झाल्याली माणसं एवढी हसत न्हाईत. रोज बघतोय मी हितं बसून."

हे लाजेनं लालबुंद झाले. "चल गं, जाऊ. खानावळीतच जेवू."

खानावळ म्हटल्यावर माझं डोकंच फिरलं. "जावा! तुमीच जावा!" मी भर हॉटेलात ओरडले. "गाडीत येगळं, खानावळीत येगळं, धर्मशाळेत येगळं! ह्यापरीस घर काय वाईट हुतं? तुमचं बरं हाय, चार दिसांनी पलटणीत जाल. मी बसते हाय तुमचं उष्टं ताट घिऊन तुमच्या आईच्या मागं! तुमच्या आईला तर..."

मालक ताडकन उठले आणि त्यांनी स्वतः पडदा बाजूला केला. "बसा, वैनी, बसा. आईवर आलं म्हंजी लगीन झाल्यालं हाय."

पडद्याआड एक मेज आणि दोन खुर्च्या. पुऱ्या, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर आणि शिरा आला. साखर रेशनवर, म्हणून शिरा गुळाचा. सांगलीत गुळाला काय तोटा! तुम्ही गेलात तर हा शिरा दुसऱ्यांदा मागा. पण आमचं जेवण सुरूच होईना. हे म्हणाले, "तू आधी." मी म्हटलं, "न्हाई, तुमी." पुऱ्या बसल्या खाली. शेवटी मीच घास घेतला, आणि मग ह्यांच्याकडे बघितलं.

डावा हात ताटाभोवती कुंपणासारखा धरून हे भराभर गिळत होते. चावणं नाही, चव घेणं नाही.

"आवं, कोण पळवतंय का तुमचं?"

"सवय लागलीया. तिकडं हाक आली की ताट टाकून उठाय लागतंय."

हसायला आलेली मी, मला रडूच आलं. इतकी वर्षं मी हा माणूस जेवताना नीट बघितलाच नव्हता. "आज न्हाई कोण हाक मारत," मी म्हटलं. "सावकाश जेवा." ह्यांनी हात काढला. मग आम्ही इतका वेळ जेवलो की मालकांनी पडद्याबाहेरून दोनदा खोकून दाखवलं. संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर बसून भडंग खाल्ला, पण मला नदीपेक्षा ती खुर्चीच जास्त आठवते.

तिसऱ्या दिवशी घरी आलो. हळद आत्याबाईंना पसंत पडली. रात्री ताटं वाढली, मी दाराआड उभी राहिले, आणि हे जेवेनात.

"आई, हिचंबी ताट वाढ. हितं, माझ्यासमोर. जाईस्तवर मी हिच्यासंगंच जेवणार."

मामंजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, घास हातातच राहिला. मला वाटलं, धरणीनं पोटात घेतलं तर बरं. आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं. "हळद आणाय गेला हुता व्हय रं सांगलीला?" एवढंच म्हणाल्या आणि फडताळातून ताटं काढली. एक नव्हे, दोन. दुसरं मामंजींच्या समोर मांडून स्वतःच तिथं बसल्या.

"आता वाढायचं कुणी?" मामंजींनी विचारलं.

"ज्याला लागंल त्यानं उठावं."

हे परत गेले त्याला आता महिना होत आला. माझ्यासमोरची जागा रिकामी असते, आणि पहिला घास घेताना नजर तिथंच जाते, खोटं कशाला सांगू. पण ताटं सगळ्यांची एकदमच मांडतो, ते काही मोडलं नाही. काल आमटी अळणी झाली. आत्याबाई जागच्या हलल्या नाहीत, मग मीही हलले नाही. मामंजी उठून चुलीपाशी गेले आणि एकेक डबा उघडून बघत राहिले. जन्म ह्या घरात गेला, पण मीठ कुठं ठेवतात ते त्यांना ठाऊक नव्हतं.