वाकलं नाही, तर तसं लिही

वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिका कुसुमताई तायडे मॅडम यंदा साठ वर्षांच्या झाल्या. त्यांच्या अध्यापनाबद्दल त्यांचे सहकारी या गौरवग्रंथात लिहितीलच. मी त्यांची विद्यार्थिनी. माझी आणि त्यांची खरी ओळख माझ्या खोटेपणामुळे झाली, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

मी उंद्रीहून येऊन-जाऊन चिखलीच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला शिकत होते. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मीच पहिली. बाबांची एकच अट होती, "एक वर्ष जरी गेलं, तं घरी बसा लागन." मॅडमनी घरी करायला एक प्रयोग दिला होता. कुंडीत मुगाची रोपे वाढवून ती खोक्यात बंद करायची, खोक्याला एका बाजूने भोक ठेवायचे आणि चार दिवसांनी रोपे उजेडाकडे किती वाकली ते मोजायचे.

माझी रोपे सरळच राहिली. आमच्याकडे मागच्या बॅचचे रेकॉर्ड, म्हणजे प्रयोगवही, उतरवून काढायची रीतच होती. मैत्रीण म्हणाली, "सगळ्याइचे वाकले, तुहेच काऊन नाही वाकत? लिहून टाक वं. मोठी हरिश्चंद्र होऊन राह्यली!" मी एका ताईच्या वहीतला आकडा जसाच्या तसा लिहिला.

मॅडमनी वही वाचली आणि वहीबरोबर आणलेली माझी कुंडी टेबलावर ठेवायला सांगितली. "पस्तीस अंश. दाखव बरं, कुठे आहेत?" वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. "या रेकॉर्डवर मी सही करणार नाही."

सही नाही तर परीक्षा नाही, आणि परीक्षा तीन आठवड्यांवर होती. मी रडतच म्हणाले, "पण मॅडम, रोपं वाकलीच नाहीत."

"वाकलं नाही, तर तसं लिही. आणि का वाकलं नाही, ते शोधून काढ."

घरी विचारले तेव्हा आईने सहज सांगितले, "मी रोज काढो ना त्याइले उनात. मुक्या जीवाले अंधारात कोंडून ठेवलं काऊन वं? तू यायच्या आंधी पुन्हा खोक्यात ठेवून देवो."

हे मॅडमना सांगताना मला आईची लाज वाटत होती. मॅडम मात्र खुर्चीतून उठल्याच. "अगं, म्हणजे तुझ्या आईंनी दुसराच प्रयोग केला! आता दोन खोकी कर. एक त्या रोज उघडतील, दुसरं कुणीच उघडायचं नाही."

त्या शनिवारी मॅडम एसटीने उंद्रीला आल्या आणि आईजवळ खाली बसल्या. आई म्हणाली, "मॅडम, मले काय समजते त्यातलं?" मॅडम म्हणाल्या, "ताई, रोपं किती वाजता उन्हात काढता आणि किती वाजता आत ठेवता, तेवढं सांगा. बाकी ही लिहील." चार दिवसांनी बंद खोक्यातली रोपे भोकाकडे झुकलेली होती, आईची सरळ होती. "पाहा वं," आई म्हणाली, "उजेडासाठी कशी मान लांब करून राह्यलं!" मी दोन्ही निकाल लिहिले, आईचे नाव आणि वेळा लिहिल्या. मॅडमनी सही केली.

परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांना रेकॉर्डमधले आईचे नाव आणि दोन निकाल फारसे रुचले नाहीत. मॅडम शेजारीच बसल्या होत्या, पण माझ्या बाजूने एक शब्द बोलल्या नाहीत. मला जे झाले तेच सांगावे लागले. उतरवून काढणाऱ्यांना माझ्याहून जास्त गुण मिळाले. पण मी पास झाले आणि शिकत राहिले.

मॅडमचे काम कॉलेजपुरते कधीच नव्हते. साखरखेर्ड्याला एक काका भर दुपारी पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, पाणी सोडत होते, कारण झाडांनी माना टाकल्या होत्या. जमीन ओलीच होती. मॅडम म्हणाल्या, "काका, दुपारी तुमी बी सावलीत पडता का नाही? सकाळी पाहा. तवा बी मान खाली असन, तं पाणी द्या." काका हसले, पण मोटर बंद करून आले.

आता मी एका कनिष्ठ महाविद्यालयात प्रॅक्टिकल घेते. एकसारखी रेकॉर्डे समोर येतात आणि सगळ्यांवर सही करून मोकळे व्हावेसे वाटते. एकदा मी तसे केलेही. न राहवून मॅडमना फोन करून सांगितले. मला वाटले, त्या रागावतील. त्या म्हणाल्या, "उद्या वह्या परत मागव. केलेली सही खोडता येते."

मी दुसऱ्या दिवशी अठरा सह्या खोडल्या. मुले नाराज झाली, प्राचार्यही झाले.

मॅडमना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो आणि त्यांच्या दुखऱ्या गुडघ्यांना आराम पडो. आमच्या हातून अजून पुष्कळ चुकीच्या सह्या होणार आहेत. तेव्हा फोन उचलायला त्या हव्यात.